आय-सेव्हन आहे, तरी गेम अडकतो का?

लॅपटॉप घेताना दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "आय-सेव्हन आहे साहेब, काहीही टाका, चालणार." घरी आल्यावर मुलगा 'जीटीए फाइव्ह' टाकतो आणि पडद्यावरची गाडी पळायच्या ऐवजी गचके खात पुढं सरकते. त्याच घरात माळ्यावरून काढलेल्या जुन्या पीसीवर 'क्रिकेट ०७' मात्र अजून झकास चालतो. मग वडिलांचा ठरलेला प्रश्न येतो : एवढे पैसे मोजले ते गेले कुठं?

प्रश्न अगदी रास्त आहे. गडबड 'भारी कॉम्प्युटर' या कल्पनेतच आहे. सगळ्या कामांना सारखाच भारी असलेला कॉम्प्युटर सहसा कुणाच्या घरी नसतो. एखादा गेम प्रोसेसरला राबवतो, दुसरा ग्राफिक्स कार्डाला घाम फोडतो, तिसऱ्याला नुसती मेमरी लागते. राबणाऱ्यांपैकी जो सगळ्यात हळू, त्याच्याच चालीनं बाकीच्यांना चालावं लागतं. तेव्हा मशीनकडं वळण्याआधी गेम नेमकं कोणतं काम सांगतो ते पाहू.

१. 'चालतो' म्हणजे नक्की काय?

सिनेमात सेकंदाला २४ चित्रं डोळ्यांपुढून सरकतात आणि आपल्याला हालचाल भासते. गेममध्येही चित्रंच सरकतात, पण सिनेमाची चित्रं आधीच काढून ठेवलेली असतात. गेममधलं पुढचं चित्र तुम्ही कोणतं बटण दाबता यावर ठरतं. त्यामुळं प्रत्येक चित्र, म्हणजे प्रत्येक फ्रेम, त्या क्षणी नव्यानं तयार करावी लागते.

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला १००० भागिले ६०, म्हणजे जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात कोणतं बटण दाबलं ते वाचायचं, शत्रूनं कुठं पळायचं ते ठरवायचं, गाडी कठड्याला घासली का ते तपासायचं आणि शेवटी अख्खं चित्र रंगवायचं. ३० फ्रेमवर समाधान असेल तर ३३.३ मिलिसेकंद मिळतात. स्पर्धेत खेळणारी मुलं १४४ फ्रेम मागतात, तिथं ७ मिलिसेकंदसुद्धा पुरते हाती लागत नाहीत.

'सरासरी ६० एफपीएस' (म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम) हा आकडा फसवा असतो, तो असा. समजा एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत झाल्या. ते झाले ८८५. उरलेल्या एका फ्रेमनं एकटीनं ११५ घेतले. बेरीज बरोबर १०००, सरासरी बरोबर ६०. पण त्या एका फ्रेमपाशी चित्र सेकंदाच्या नवव्या हिश्श्याएवढा वेळ थिजलं, आणि नेमकी तेव्हाच गोळी लागली. खेळणारा म्हणतो गेम अडकला, आकडा म्हणतो सगळं ठीक आहे. माझं मत विचाराल तर खेळणाऱ्याचं खरं मानावं.

आणखी एक घोळ इथंच मिटवू. मुलं सरसकट ज्याला 'लॅग' म्हणतात ते दोन वेगळे आजार आहेत. एक फ्रेम उशिरा तयार होण्याचा, दुसरा इंटरनेटवरून निरोप उशिरा पोचण्याचा. सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईहून तिथं जाऊन यायला सरळ रेषेतसुद्धा सुमारे ७,८०० किलोमीटर होतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे ३९ मिलिसेकंद नुसत्या प्रवासातच गेले. लाखाचं ग्राफिक्स कार्ड बसवलं तरी त्यातला एकही परत मिळत नाही. 'व्हॅलोरंट' या ऑनलाइन गेमनं २०२० साली मुंबईत सर्व्हर सुरू केले तेव्हा इथल्या खेळाडूंना जो फरक जाणवला, तो याच हिशेबातला.

२. चौसष्ट हजार ठिपके

१० डिसेंबर १९९३ रोजी 'डूम' आला. टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीचा हा गेम. मागणी होती ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम एवढीच. त्रिमिती चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड तेव्हा घरगुती पीसीत नव्हतंच. पडद्यावर आडवे ३२० आणि उभे २००, असे एकूण ६४,००० ठिपके (पिक्सेल म्हणतात ते हेच), आणि ते सगळे एकटा प्रोसेसर रंगवायचा. सेकंदाला जास्तीत जास्त ३५ वेळा.

आता भिंत लांब असली की लहान दिसते आणि जवळ आली की मोठी. हे दाखवायचं तर प्रत्येक ठिपक्यासाठी अंतरानं भागाकार करावा लागतो, आणि त्या काळच्या प्रोसेसरला भागाकार म्हणजे संकट. प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक यांनी त्यातून जी वाट काढली ती आजही वाचताना मजा येते. डूममध्ये सगळ्या भिंती जमिनीशी काटकोनात, सरळ उभ्या आहेत आणि खेळाडूला मान वर किंवा खाली करता येत नाही. त्यामुळं भिंतीच्या एका उभ्या पट्टीतले वरपासून खालपर्यंतचे सगळे ठिपके हिशेबापुरते एकाच अंतरावर असतात. अवघड गणित पट्टीला एकदाच करायचं. पडद्यावर अशा पट्ट्या ३२०. जिथं ६४,००० भागाकार लागले असते, तिथं भिंतींचं काम काहीशे भागाकारांत उरकलं. जमिनीसाठी तीच युक्ती आडव्या पट्ट्यांवर केली. किंमत म्हणून डूमच्या जगात एका खोलीवर दुसरी खोली कधी दिसत नाही. खेळताना हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. आणि ज्यांचा ३८६ एवढ्यानंही दमायचा, ते वजाचं बटण दाबून चित्राची चौकट बारीक करायचे. ठिपके कमी, काम कमी. आजचा पोरगा सेटिंगमध्ये जाऊन रेझोल्यूशन उतरवतो तेव्हा तो हेच करत असतो.

१९९६ साली त्याच कंपनीचा 'क्वेक' आला. यात खोलीवर खोली होती, मान वर करता येत होती आणि राक्षससुद्धा सगळ्या बाजूंनी घडवलेले होते. उभ्या पट्टीची सवलत संपली आणि दशांश चिन्हाचं गणित भरपूर वाढलं. इंटेलच्या पेंटियमला हे गणित झपाट्यानं जमायचं. सायरिक्स कंपनीचा ६एक्स८६ हा प्रोसेसर स्वस्त होता आणि ऑफिसच्या कामात पेंटियमला भारी पडायचा, कारण तिथं पूर्णांकांचंच गणित जास्त. क्वेक टाकला की मात्र त्याची दमछाक व्हायची. प्रोसेसर तोच, फक्त काम बदललं, आणि हुशार म्हणून आणलेला विद्यार्थी मागच्या बाकावर गेला.

३. चार डोकी आणि हजार हात

एका ठिपक्याचा रंग ठरवताना शेजारच्या ठिपक्याची वाट बघावी लागत नाही, हे ग्राफिक्स कार्डामागचं सगळ्यात मोठं गुपित आहे. म्हणजे काम वाटून घेता येतं. प्रोसेसरमध्ये चार, आठ किंवा सोळा हुशार कोअर असतात. त्या 'असं झालं तर तसं, नाहीतर दुसरंच' या प्रकारचे गुंतागुंतीचे निर्णय भराभर घेतात. ग्राफिक्स चिपमध्ये शेकडो किंवा हजारो साधे गणक असतात. त्यांना एकेकट्याला फारसं कळत नाही, पण एकच गणित हजार ठिपक्यांवर एका दमात करायला सांगितलं की त्यांना तोड नाही. भारतात बरीच वर्षं घरोघरी दिसलेल्या जीटीएक्स १६५० या मध्यम कार्डात असे ८९६ गणक आहेत.

याची पहिली गाजलेली झलक १९९६ सालीच ३डीएफएक्स कंपनीच्या 'व्हूडू' कार्डानं दाखवली. या कार्डाला साधं विंडोज दाखवताच येत नसे. जुनं कार्ड तसंच ठेवून हे शेजारी बसवायचं आणि मॉनिटरची केबल एका कार्डातून दुसऱ्यात फिरवायची. द्राविडी प्राणायामच, पण क्वेक एकदम ६४० बाय ४८० वर, म्हणजे डूमच्या जवळजवळ पाचपट ठिपक्यांवर, सुळसुळीत दिसायला लागला.

आता सुरुवातीच्या लॅपटॉपकडं येऊ. इंटेलच्या आठव्या पिढीतले दोन प्रोसेसर घ्या : आय-फाइव्ह ८२५०यू आणि आय-सेव्हन ८५५०यू. दोन्हींत चित्र काढायला एकच चिप आहे, यूएचडी ६२०. आय-फाइव्हमध्ये ती जास्तीत जास्त १.१० गिगाहर्ट्झवर पळते, आय-सेव्हनमध्ये १.१५ वर. म्हणजे आय-सेव्हनसाठी वरचे जे पैसे मोजले, त्यातून चित्र काढण्याची ताकद पाच टक्केही वाढली नाही. एक्सेल भराभर चालेल, फोल्डर झटकन उघडतील. जीटीएमधली गाडी मात्र तशीच गचके खाणार. त्यापेक्षा आय-फाइव्ह घेऊन वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप घेतला असता तर पोरगा खूश झाला असता. दुकानदार खोटं बोलला नव्हता, त्यानं फक्त अर्धंच सांगितलं.

ठिपक्यांचा भार किती वाढला तेही पाहून ठेवा. डूमला सेकंदाला जास्तीत जास्त २२ लाख ४० हजार ठिपके रंगवावे लागत. आजचा साधा १९२० बाय १०८० चा पडदा म्हणजे एका फ्रेमला २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. ६० फ्रेम धरल्या तर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांच्या वर. फोर-के पडद्याला याच्या बरोबर चौपट. त्यात सावल्या, धूर, पाण्यातलं प्रतिबिंब, म्हणून एकेका ठिपक्याला अनेकदा हात लावावा लागतो, ते वेगळंच.

४. मग आय-सेव्हन कुणाला हवा?

'एज ऑफ एम्पायर्स टू' (१९९९) बघा. चित्र साधं, वरून पाहिलेलं. पण एका खेळाडूची लोकसंख्या मूळ गेममध्ये २०० पर्यंत जाते. आठ खेळाडू म्हणजे सोळाशे जीव, आणि प्रत्येकानं झाडं, भिंती, नदी चुकवत आपली वाट शोधायची. ही वाट शोधणं प्रोसेसरचं काम आहे, ग्राफिक्स कार्ड तिथं हात बांधून बसतं. नेटवर्कवर खेळताना तर प्रत्येक कॉम्प्युटर अख्खी लढाई स्वतःच चालवतो आणि एकमेकांना फक्त हुकूम कळवतो. सगळ्यांच्या लढाया जुळून राहाव्यात म्हणून सगळ्यात संथ मशीनसाठी बाकीचे थांबतात. कॅफेत एका कोपऱ्यातल्या जुन्या पीसीमुळं साऱ्या टोळीचा खेळ रेंगाळायचा, त्यामागं हे गणित होतं. शहरं वसवायचे गेम, फुटबॉल संघ सांभाळायचे गेम याच जातीचे.

'क्रायसिस'ची गोष्ट जरा वेगळी. नोव्हेंबर २००७ मध्ये जर्मनीतल्या क्रायटेक कंपनीचा हा गेम आला आणि 'यावर क्रायसिस चालेल का?' हा जगभर विनोद होऊन बसला. नव्या कार्डांनी त्याचं चित्र पुढं पचवलं, पण प्रोसेसरच्या बाजूनं तो नंतरही त्रास देत राहिला. तो बांधायला घेतला तेव्हा एकेक कोअरचा वेग वाढतच जाणार अशी हवा होती, म्हणून बरंचसं काम एकाच कोअरवर टाकलं होतं. इकडं इंटेलनं ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर काढायचा बेत २००४ मध्येच सोडून दिला होता, कारण वेग वाढवला की उष्णता आवरत नव्हती. त्यापुढं वेगापेक्षा कोअरची संख्या वाढत गेली. क्रायसिसला त्या जादा कोअरांचा फारसा उपयोग झाला नाही.

५. गोदाम, विंग आणि रंगमंच

आता मेमरी. नाटकाचा प्रयोग डोळ्यांसमोर आणा. सगळ्या नाटकांचं नेपथ्य गोदामात पडलेलं असतं, ती झाली हार्ड डिस्क किंवा एसएसडी. आजच्या प्रयोगाचं सामान विंगेत आणून ठेवलेलं असतं, ती रॅम. आणि या प्रवेशात प्रेक्षकांना दिसणारं सामान रंगमंचावर असतं, ती ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी, व्हीरॅम. रंगमंच लहान पडला तर चालू प्रवेशात टेबल-खुर्च्यांची ने-आण सुरू होते. विंगच लहान असेल तर माणूस गोदामाकडं धाडावा लागतो, आणि तोवर नट नुसते उभे.

रंगमंचावर जागा कशानं भरते? मुख्यतः पृष्ठभागाच्या चित्रांनी. भिंतीच्या विटा, शर्टाचं कापड, डांबराचा रस्ता, या सगळ्यांची चित्रं गेममध्ये असतात, त्यांना टेक्स्चर म्हणतात. ४०९६ बाय ४०९६ ठिपक्यांचं एक टेक्स्चर, ठिपक्याला ४ बाइट धरले तर ६४ एमबी भरतं. दाबून बसवलं तरी साधारण १६. चार जीबीच्या कार्डावर दुसरं काहीच ठेवलं नाही तरी अशी २५६ च मावतील. म्हणून 'टेक्स्चर : अल्ट्रा' हा पर्याय चार जीबीच्या कार्डावर निवडायचा मोह आवरावा. 'हाय' आणि 'अल्ट्रा'मधला फरक पुष्कळदा भिंतीला नाक लावून पाहिल्याशिवाय कळतही नाही.

ज्या लॅपटॉपला वेगळं कार्ड नाही, त्याचा रंगमंच विंगेतच असतो, म्हणजे चित्र काढणारी चिप साध्या रॅममधूनच सामान उचलते. मग रॅमच्या पट्ट्या किती याला महत्त्व येतं. २४०० वेगाच्या डीडीआर४ रॅमची एक पट्टी सेकंदाला १९.२ जीबी माल पोचवू शकते, दोन पट्ट्या जोडीनं लावल्या तर ३८.४. आठ जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा चार-चारच्या दोन लावल्या तर जीबी तेवढेच राहतात आणि रस्ता दुप्पट रुंद होतो. वेगळं कार्ड विकत न घेता गेम सुधारायचा याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

गोदामाचा किस्सा तर फारच मजेदार आहे. प्लेस्टेशन ४ वरच्या 'स्पायडर-मॅन' (२०१८) मध्ये काही वस्तूंच्या नकला डिस्कवर ४०० वेळा साठवल्या होत्या, असं सोनीचे मार्क सर्नी यांनी २०२० मध्ये सांगितलं. हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते आणि वाचणारा हात इकडून तिकडं सरकायला वेळ घेतो. स्पायडर-मॅन तर इमारतींवरून झोके घेत निघालेला. म्हणून शहराच्या प्रत्येक तुकड्याच्या शेजारीच टपालपेट्यांसारख्या नेहमीच्या वस्तूंची नवी नकल ठेवून दिली, हात सरकायलाच नको. एसएसडीत असा फिरणारा भाग नाही, त्यामुळं नकलांची गरज संपली. अलीकडचे काही गेम एसएसडी नसेल तर दारातूनच परत पाठवतात. 'सायबरपंक २०७७'नं २०२३ मध्ये ती किमान अटींत घातली.

जीटीए फाइव्ह २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, आणि त्या यंत्रांत सगळी मिळून मेमरी होती ५१२ एमबी. पीसीवर २०१५ मध्ये आला तेव्हा किमान ४ जीबी रॅम मागितली. पीसीवरचं चित्र जास्त तपशिलाचं होतं हे खरं, पण आणखी एक कारण आहे. कन्सोल घरोघरी एकसारखा असतो, कोणतं सामान कुठं ठेवायचं ते निर्मात्याला एमबीपर्यंत ठरवता येतं. पीसी प्रत्येकाचा वेगळा, वर विंडोजचा स्वतःचा पसारा. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आधी निंटेंडो स्विचवर आला, आणि स्विचची एकूण मेमरी ४ जीबी. राजीमध्ये कॅमेरा निर्मात्यांनीच धरलेला आहे, खेळाडू तो हवा तसा फिरवत नाही. राजस्थानी धाटणीचे महाल, भिंतीवरची चित्रं किती दूरपर्यंत दिसणार हे त्यांना आधीच माहीत असतं, आणि न दिसणाऱ्या गोष्टींवर जागा घालवावी लागत नाही.

६. कंपनीची यादी कशी वाचायची

गेमला कसं मशीन लागेल याची यादी कंपनी देते. त्यात 'मिनिमम' म्हणजे गेम सुरू होईल. मजा येईल असं त्यात कुठं लिहिलेलं नसतं. 'रेकमेंडेड' म्हणजे मजा येईल, पण किती फ्रेमवर आणि कोणत्या पडद्यावर, हे बऱ्याच कंपन्या गुलदस्त्यात ठेवतात. व्हॅलोरंटची यादी या बाबतीत सरळ होती : ३० फ्रेमसाठी २०१२ च्या लॅपटॉपांत असलेली इंटेल एचडी ४००० चिप चालेल, ६० साठी जीटी ७३०, आणि १४४ साठी जीटीएक्स १०५० टीआय. तीनच ओळी, पण गेमचं चित्र मुद्दाम साधं का ठेवलं असेल ते त्यातून कळतं. ज्याच्याकडं कॉलेजचा जुना लॅपटॉप आहे, त्यालाही खेळात ओढायचं होतं.

७. घरच्या घरी निदान

गेम अडकत असेल तर नवं काही विकत घेण्याआधी एक प्रयोग करा. रेझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा. ठिपके निम्म्याहून कमी झाले. फ्रेम धडाधड वाढल्या तर ग्राफिक्स कमी पडत होतं. काहीच फरक पडला नाही तर प्रोसेसर दमलेला आहे, आणि नवं कार्ड आणून पैसे वाया जातील. एरवी ठीक, पण नव्या भागात शिरताना गचका बसत असेल तर मेमरी किंवा डिस्क बघा. पीसी गेममध्येच फटकन बंद पडत असेल तर एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घ्या. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट असं छापलेलं असतं, पण सगळेच छापील वॅट खरोखर मिळतात असं समजू नये.

पहिली पंधरा-वीस मिनिटं छान आणि मग फ्रेम घसरत असतील तर कारण उष्णता. चिप शंभर अंशांच्या आसपास पोचली की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडं खोलीतच चाळीस अंश असतील तर पंख्याला आत घ्यायलाही गरम हवाच मिळते. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला तर खालची भोकंही बुजतात.

लॅपटॉपच्या बाबतीत याच उष्णतेमुळं एक मेख आहे. आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपची ग्राफिक्स चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही ताकदीवर बसवायची मुभा कंपन्यांना आहे. नाव तेच, खोक्यावरचा स्टिकर तोच. पातळ, देखण्या लॅपटॉपात तिला कमी वॅट मिळतात, जाडजूड लॅपटॉपात जास्त, आणि फ्रेममध्ये त्याचा फरक चांगलाच दिसतो. हा आकडा बहुधा तपशीलपत्रकात बारीक अक्षरात असतो. दुकानात विचारलात तर विक्रेत्याला आत जाऊन बघून यावं लागेल. जाऊ द्या त्याला.